सावलीतली गाडी, उन्हातले पॅनेल

कॅम्परव्हॅनच्या टपावर पक्के बसवलेले सौर पॅनेल गाडी झाडाखाली उभी राहिली की जवळजवळ निकामी होते, आणि म्हणूनच लांब वायरीने जोडून उन्हात कलते ठेवता येणारे घडीचे पॅनेल ही मोलाची जोड ठरते. मात्र बाजारात १२ व्होल्टचे म्हणून मिळणारे पॅनेल भर उन्हात सुमारे १८ व्होल्ट दाब देते, तर बॅटरीला चार्जिंगसाठी साधारण १४.४ व्होल्ट पुरतात. हा दाब आवरणारे उपकरण म्हणजे चार्ज कंट्रोलर. पुष्कळ घडीच्या पॅनेलांच्या पाठीवर तो आधीच बसवलेला असतो, तेव्हा गाडीतला दुसरा कंट्रोलर त्याच वाटेत ठेवू नये, कारण दोघे एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मगच पॅनेल जोडावे. बॅटरीच्या धन टोकालगतचा फ्यूज तर कधीच टाळू नये.