लघुग्रहासमीप यानमार्गाची आखणी

दिनांक 2 एप्रिल 2022 च्या सायंकाळी विदर्भाच्या आकाशातून अग्निरेषा सरकताना अनेकांनी पाहिल्या. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. फेब्रुवारी 2021 मध्ये उडविलेल्या एका चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा तो अवशेष असावा, असे अभ्यासकांचे मत पडले. कोणी सापडले नाही, हे सुदैवच म्हणावयाचे. असा निर्जीव टप्पा विरळ हवेच्या अवरोधाने खाली येतो. त्याचा वेग सेकंदास सुमारे साडेसात किलोमीटर; म्हणजे पतनाचे भाकीत एका मिनिटाने चुकले, तर स्थान साडेचारशे किलोमीटरने चुकते.

बेन्नू या सुमारे अर्धा किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहापाशी परिस्थिती अगदी उलट आहे. त्याच्या केंद्रापासून पावणेदोन किलोमीटरवर फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदास जेमतेम पाच सेंटिमीटर, धावत्या मुंगीइतका. तेथे मिनिटाची चूक म्हणजे तीन मीटर! परंतु येथेच खरी अडचण आहे. आकर्षण इतके क्षीण, की यानाच्या पंखांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा दाबही त्यास मार्गावरून ढळवू शकतो. शिवाय लघुग्रहाचे वस्तुमान आधी अचूक ठाऊक नसते आणि वस्तुमानावाचून कक्षा आखता येत नाही.

यास्तव 'ओसायरिस-रेक्स' यानाने डिसेंबर 2018 मध्ये प्रथम बेन्नूचे ध्रुव व विषुववृत्त यांवरून सुमारे सात किलोमीटर अंतराने फेऱ्या मारल्या. मार्ग किती वाकला, हे रेडिओलहरींच्या कंप्रतेतील फरकावरून मोजून वस्तुमान काढण्यात आले. 31 डिसेंबरला यान कक्षेत शिरले. दिवस व रात्र यांच्या सीमारेषेवरून जाणारी कक्षा निवडण्यात आली. कारण अशा कक्षेचे प्रतल सूर्यास सन्मुख असते व प्रकाशाचा दाब तिला विशेष विस्कटीत नाही. मात्र तेथून भूपृष्ठ तिरप्या उजेडातच दिसते. म्हणून 2019 च्या वसंतात सविस्तर चित्रणासाठी ती सुरक्षित कक्षाही सोडावी लागली.

20 ऑक्टोबर 2020 रोजी नमुना घेतेवेळी पृथ्वीवरील संदेश पोचण्यास अठरा मिनिटांहून अधिक काळ लागत होता. तेव्हा शेवटचे सुकाणू यानाकडेच होते. खाली दिसणारे खडक साठवलेल्या चित्रांशी ताडून पाहत ते उतरले, आणि नियोजित जागेपासून एक मीटरच्या आत त्याने बेन्नूस स्पर्श केला.