माघ-फाल्गुनातील चंचल हवामान आणि परभणीची रब्बी

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे म्हणण्याची पद्धत आहे. परभणी जिल्ह्यात मात्र ती इतक्या सरळपणे निरोप घेत नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारी पारा ३० अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि पहाटे १५ अंशांच्या आसपास उतरतो. समुद्रापासून दूर असलेल्या या भागात हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. आभाळ आले की दुपार सौम्य होते, पण रात्रीचा उकाडा वाढतो. दोन-चार दिवसांच्या अंतराने होणारे हे फेरबदल म्हणजे ऋतुसंधीचा स्वभावच होय.

हे आभाळ येते कोठून? या काळात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांतील आवर्ते, उत्तर भारतावरून पुढे सरकत असतात. त्यांचा प्रभाव दक्षिणेकडे वाढला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून बाष्पयुक्त वारे आले, तर कोरड्या व दमट हवेची गाठ मराठवाडा-विदर्भावर पडते. तापलेल्या जमिनीवरील हवा वेगाने वर उसळते. तिच्यासोबत गेलेले जलबिंदू उंचावर गोठतात. वर चढणारा झोत त्यांना पेलून धरतो तोवर त्यांच्यावर बर्फाची पुटे चढत जातात आणि भार पेलवेनासा झाला की गारा कोसळतात. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्याने अशी गारपीट अनुभवली. ११ फेब्रुवारी २०१८ रोजीही मराठवाडा व विदर्भाच्या अनेक भागांना तिचा तडाखा बसला.

एरवी पाच-दहा मिलिमीटर पावसाचे कौतुक झाले असते. पण या दिवसांत रब्बी ज्वारी काढून रानात आडवी पडलेली असते, हरभऱ्याचे ढीग मळणीची वाट पाहत असतात, शिजवलेली हळद उघड्यावर वाळत असते. भिजलेल्या ज्वारीचा दाणा काळवंडतो आणि भाव उतरतो. कडबा काळा पडला तर जनावरांच्या उन्हाळ्याचीच चिंता उभी राहते. वाऱ्याने गहू लोळतो, आंब्याचा मोहोर गळतो.

म्हणूनच ‘येत्या आठवड्यांत काय होईल’ हा परभणीत केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. त्याचे उत्तर भारतीय हवामानशास्त्र विभाग निरनिराळ्या मुदतींसाठी देतो आणि प्रत्येक अंदाजाचा उपयोग निराळा आहे. दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज पुढील चार आठवड्यांचा कल सांगतो. तापमान सरासरीपेक्षा अधिक राहील की कमी, पाऊस जास्त होईल की कमी, एवढेच तो सांगू शकतो. अमुक गावी अमुक दिवशी गारा पडतील, असे त्यातून कोणी वाचू नये. तरीही हा कल मोलाचा असतो. दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने २०२३ चा फेब्रुवारी हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला आणि लगेच मार्चमध्ये मराठवाड्यात अवकाळी पाऊस झाला. उष्णतेचा कल आधी कळला, तर दाणे भरण्याच्या अवस्थेतील गव्हाला पाण्याची पाळी वेळेवर देता येते.

काढणीचा दिवस ठरवण्यासाठी मात्र पाच दिवसांचा अंदाज पाहावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील ग्रामीण कृषी मौसम सेवा केंद्र दर मंगळवारी व शुक्रवारी त्यावर आधारित सल्ला प्रसृत करते. पावसाची शक्यता दिसली तर पक्व झालेला हरभरा व ज्वारी आधी काढून मळणी उरकावी. ते शक्य नसेल तर पीक एकत्र गोळा करून उंचवट्यावर ताडपत्रीखाली ठेवावे. पीक अपक्व असेल तर भीतीपोटी घाई करू नये. दाणा ओला राहिल्यास तो साठवणीत बुरसतो.

गारांचे ढग तयार होण्यास थोडे तासच पुरतात. तेवढ्या अवधीसाठी रडारच्या निरीक्षणावरून निघणारा तीन तासांचा इशाराच कामी येतो. विजेची पूर्वसूचना पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ या भ्रमणध्वनी उपयोजनावर मिळते. ती आली की ताडपत्री झाकण्याचे काम अर्धे राहिले तरी चालेल, पण रानातल्या झाडाचा आसरा न घेता पक्के घर गाठावे.