रुपया उतरला, मग निर्यात का घटली?

रुपया उतरला की निर्यात वाढते, हा समज जुलै १९९१च्या अवमूल्यनापासून पक्का झाला. पण २०२२मध्ये डॉलर ८० रुपयांपलीकडे गेला, तेव्हाच बजाज ऑटोची निर्यात घटली. पुण्याच्या या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक नायजेरियात. तिथे आधी डॉलरचा तुटवडा पडला, मग जून २०२३मध्ये तिथलं चलन नायरा कोसळलं आणि तिथल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्याला नवी गाडी परवडेना. रुपया आणखी पाडायचा होता, असं कुणी म्हणेल. पण नायरा वर्षभरात निम्म्याहून खाली आला. तेवढी सूट रुपया देऊच शकत नाही. उलट रुपया पडला की पुण्याजवळच्या भोसरीतल्या लघुउद्योजकाला बाहेरून येणारं, संगणकावर चालणारं सीएनसी मशिन महाग पडतं. म्हणून मला रुपयाचा दर पाडण्यापेक्षा त्याचे हिसके आवरणं महत्त्वाचं वाटतं. ऑर्डरचा हिशेब पैसे हाती येईपर्यंत टिकला, तरच तो उद्योजक मशिनसाठी कर्ज काढतो.