पहिले साडेतीन महिने

रोगप्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारांचे साडेचारशेहून अधिक प्रकार आज ज्ञात असून त्यांपैकी बहुतेक एखाद्याच जनुकातील दोषामुळे उद्भवतात. त्यांतील सर्वांत घातक गट म्हणजे तीव्र संयुक्त प्रतिकारक्षमता-न्यूनता; डॉक्टर मंडळी त्याला ‘स्किड’ म्हणतात. स्वित्झर्लंडमधील ग्लान्झमान आणि रिनिकर यांनी १९५० मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, तर अमेरिकेत नवजात बालकांच्या व्यापक तपासणीत त्याचे प्रमाण सुमारे ५८,००० जन्मांमागे एक असे आढळले. उपचारांवाचून राहिलेले मूल बहुधा दुसरा वाढदिवस पाहत नाही. वेळेत उपचार मिळाले, तर तेच मूल चारचौघांसारखे शाळेत जाते. यांपैकी काय घडणार, हे मुख्यतः निदान किती लवकर झाले यावर ठरते.

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट या पेशी प्रतिकाराचा कणा होत. त्यांपैकी टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात आणि बी पेशी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिने, तयार करतात. मात्र टी पेशींच्या साहाय्यावाचून बी पेशींचेही काम अडते. स्किडच्या एका प्रमुख प्रकारात दोष एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात असतो, हे १९९३ मध्ये उलगडले. ते जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते, ते पेशींमधील सहा वेगवेगळे रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहकांचा समाईक घटक असल्यामुळे ते बिघडले की टी पेशी घडतच नाहीत. मुलाला एक्स गुणसूत्र एकच, आणि तेही आईकडून मिळत असल्याने हा प्रकार मुलग्यांत दिसतो आणि आईचे भाऊ किंवा मावसभाऊ तान्हेपणीच गेल्याची हकीकत अशा घरांत वारंवार ऐकू येते. अन्य प्रकारांत आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची चाल आहे. अशा दांपत्याच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान वारशाने आलेला असल्याने या प्रकारांचा संभव तेथे वाढतो.

आईची प्रतिपिंडे वारेतून मिळालेली असल्यामुळे बाळ पहिले काही आठवडे धडधाकट भासते. मग तोंडातला पांढरा बुरशीचा थर औषधाने हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही आणि एका न्यूमोनियातून उठते न उठते तोच दुसरा गाठतो. भारतात यात आणखी एक भर पडते. जन्मतःच डाव्या दंडावर दिली जाणारी बीसीजी ही क्षयरोगाची लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या जंतूंची असते. निरोगी बाळात त्या जागी छोटा फोड येऊन व्रण उरतो, मात्र टी पेशी नसलेल्या बाळात तेच जंतू काखेतील गाठींपासून यकृत, फुप्फुसे आणि हाडांपर्यंत पसरू शकतात. कोट्यवधी बालकांना क्षयाच्या गंभीर रूपांपासून वाचवणारी ही लस देणे योग्यच आहे. पण घरात आधी तान्हे मूल दगावले असेल, तर ती टोचण्यापूर्वी थांबून चौकशी करणे तितकेच आवश्यक आहे.

निदानाची पहिली खूण बहुधा साध्या रक्ततपासणीच्या अहवालातच असते. प्रौढाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे १,००० ते ४,००० लिम्फोसाइट सामान्य मानतात, परंतु तान्ह्या बाळात ही संख्या ३,००० च्या खाली गेली तरी शंका घ्यावी लागते. अहवालावर प्रौढांचीच मर्यादा छापलेली असेल, तर १,५०० हा आकडा निर्दोष दिसतो आणि अहवाल फाइलमध्ये जातो. एका जिवाच्या दृष्टीने याहून महाग दुर्लक्ष क्वचितच असेल.

उपचाराचा पाया १९६८ मध्ये घातला गेला. मातृकुळातील अनेक मुलगे गमावलेल्या घरातील एका बालकाला मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा दिली आणि त्याची प्रतिकारशक्ती उभी राहिली. दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात आणि ती रक्तासारखी शिरेतून चढवतात. तिच्यातील मूळ पेशी, म्हणजे सर्व रक्तपेशींना जन्म देणाऱ्या पेशी, आपोआप बाळाच्या हाडांत जाऊन वसतात. मात्र दात्याच्या टी पेशी बाळाच्या शरीरालाच परके समजून हल्ला करू शकतात, म्हणून ऊतींची ओळख ठरवणारी एचएलए प्रथिने जुळावी लागतात. सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. आई किंवा वडिलांशी ती निम्मी जुळतात. १९८० च्या दशकापासून मज्जेतील टी पेशी वेगळ्या काढण्याच्या पद्धती आल्यामुळे असे अर्धे जुळणारे दातेही उपयोगी पडू लागले. उत्तर अमेरिकेतील २४० बालकांच्या २०१४ मधील अभ्यासानुसार, साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के मुले पाच वर्षांनंतर जिवंत होती.

जनुकोपचाराचा मार्ग अधिक खडतर ठरला. बाळाच्याच मूळ पेशींत विषाणूच्या साहाय्याने निर्दोष जनुक घालण्याचे प्रयोग पॅरिसमध्ये आलँ फिशर आणि मारिना काव्हात्साना यांनी १९९९ मध्ये सुरू केले आणि ते यशस्वीही झाले; परंतु विषाणूने जनुक भलत्या जागी, कर्करोगाशी संबंधित जनुकाजवळ, रोवल्याने पॅरिसमध्ये आणि लंडनमधील तशाच प्रयोगांत मिळून किमान पाच मुलांना रक्ताचा कर्करोग झाला आणि त्यांपैकी एक दगावले. त्यानंतर अधिक सुरक्षित विषाणूवाहक घडवले गेले. एडीए या विकराच्या अभावामुळे होणाऱ्या प्रकारात असा उपचार घेतलेली ब्रिटन आणि अमेरिकेतील पन्नासही मुले हयात असून ४८ जणांत तो टिकून राहिल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतीय कुटुंबांसाठी मात्र प्रत्यारोपण हाच आजचा व्यवहार्य मार्ग आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात असे विकार एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होणाऱ्या गटात असून २०२२ पासून निर्देशित केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय हे असेच एक केंद्र. त्याच्याच आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत पेशींची गणना आणि जनुकीय निदान होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिनने २००८ मध्ये टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून प्रत्येक नवजाताची या विकारासाठी तपासणी सुरू केली आणि २०१८ अखेर ती सर्व राज्यांत पोहोचली. भारतात अशी देशव्यापी तपासणी अद्याप नाही. तोवर कौटुंबिक इतिहासालाच तिची जागा घ्यावी लागते. सदोष जनुक ठाऊक असलेल्या घरात पुढील गर्भारपणाच्या अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अंश घेऊन गर्भाची तपासणी करता येते. पालकांनी गर्भ वाढवण्याचा निर्णय घेतल्यास आई, वडील आणि भावंडांची एचएलए तपासणी प्रसूतीपूर्वीच उरकता येते, जन्मताच नाळेतील रक्तावरून लिम्फोसाइट मोजता येतात आणि अहवाल हाती येईपर्यंत बीसीजी तसेच तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस रोखून धरता येते.