शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बालकांची दैनंदिन काळजी

शेंगदाण्याची ॲलर्जी म्हणजे शेंगदाण्यातील प्रथिनांना रोगप्रतिकार यंत्रणेने दिलेली अवाजवी प्रतिक्रिया होय. ती प्रायः बालपणी आढळते. सुमारे २० टक्के मुलांमध्ये ती वाढत्या वयात नाहीशी होते; इतरांमध्ये बहुधा टिकून राहते. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे लागते. केवळ रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीवरून ॲलर्जी सिद्ध होत नाही. खाल्ल्यानंतर काय झाले ही माहितीही तितकीच महत्त्वाची असते.

लक्षणे

खाल्ल्यानंतर बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा उलटी होते. धाप लागणे, आवाज घोगरा होणे, भोवळ येणे ही ॲनाफिलॅक्सिस या जीवघेण्या ठरू शकणाऱ्या प्रतिक्रियेची चिन्हे आहेत. आधीची प्रतिक्रिया सौम्य असली तरी पुढची तीव्र असू शकते.

घरातील काळजी

महाराष्ट्रीय स्वयंपाकात शेंगदाणा बहुधा कुटाच्या रूपात वापरला जात असल्याने तो सहज ओळखू येत नाही. कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, सुक्या चटण्या आणि संक्रांतीचे तिळाचे लाडू यांत तो असू शकतो. घाण्यावर काढलेल्या शेंगदाणा तेलातही प्रथिनांचे अंश राहतात. त्यामुळे काही कुटुंबे शेंगदाणा घरात आणतच नाहीत. ते शक्य नसल्यास मिक्सरचे भांडे, डबे आणि चमचे वेगळे ठेवले जातात. हात साबणाने धुणे आवश्यक असते. केवळ सॅनिटायझरने प्रथिने निघत नाहीत. भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार वेष्टनावर शेंगदाण्याचा उल्लेख बंधनकारक आहे; मात्र हलवायाकडील सुट्या पदार्थांवर अशी माहिती सहसा नसते.

घराबाहेर

आजी-आजोबा, शेजारी, शिक्षक आणि पाळणाघरातील कर्मचारी यांपैकी एकालाही कल्पना नसल्यास घरातील दक्षता अपुरी पडते. मुलाला डब्याची अदलाबदल न करण्यास, तसेच प्रसाद किंवा खाऊ घेण्यापूर्वी विचारण्यास शिकवले जाते. इतर मुलांपासून वेगळे बसवल्यास ते एकाकी पडू शकते. म्हणून वर्गमित्रांनाही सोप्या शब्दांत माहिती देणे हितावह असते.

आपत्कालीन उपचार

ॲनाफिलॅक्सिसवर मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिन हा प्रथम उपचार आहे. अँटिहिस्टामिन त्याची जागा घेऊ शकत नाही. मुलाला आडवे ठेवावे. श्वासाचा त्रास असल्यास बसू द्यावे, पण चालवू नये. लक्षणे पुन्हा उद्भवू शकत असल्याने बरे वाटले तरी रुग्णालयात नेणे आवश्यक असते. डॉक्टरांनी दिलेली लेखी उपचार योजना घरी आणि शाळेत ठेवली जाते.