खड्डा, निविदा आणि पोलिसाची शिक्षा: एका छोट्या शहराच्या मंडळाबद्दलचे गैरसमज

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं कोलंबस हे शहर पुण्याला परकं नाही. कमिन्स या इंजिनांच्या कंपनीचं मुख्यालय तिथे आहे. 1962 मध्ये या कंपनीने किर्लोस्करांच्या जोडीने पुण्यात उद्योग सुरू केला आणि तेव्हापासून कोथरूडहून कोलंबसला जाणाऱ्या इंजिनिअरांच्या पिढ्या झाल्या. 2020 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 50,474 भरली, म्हणजे आपल्या वर्गवारीत ब वर्गाची नगरपरिषद. तिथले रस्ते, सांडपाणी, पोलीस, अग्निशमन यांचा रोजचा कारभार ज्या मंडळाच्या हातात असतो त्याचं नाव ‘बोर्ड ऑफ पब्लिक वर्क्स अँड सेफ्टी’. लोक नुसतं ‘बोर्ड ऑफ वर्क्स’ म्हणतात. इंडियानातल्या शहरांची ही खास व्यवस्था आहे आणि तिच्याबद्दल नव्याने राहायला गेलेल्या मराठी घरांमध्ये बरेच चुकीचे समज असतात. त्यातल्या काहींची किंमत पैशात मोजावी लागते, काहींची घराच्या रूपाने. म्हणून ते एकदा नीट सोडवून पाहायला हवेत.

“हे मंडळ म्हणजे तिथली नगरपालिकाच”

तसं नाही. आपल्याकडे बांधकाम समितीत नगरसेवकच बसतात, म्हणून ही गल्लत होते. इंडियानात लोकांनी निवडून दिलेलं सभागृह म्हणजे कॉमन कौन्सिल. शहराचे कायदे करणं आणि अर्थसंकल्प मंजूर करणं हे काम तिचं. बोर्ड ऑफ वर्क्सवर सहसा तीन किंवा पाच सदस्य असतात आणि ते महापौर नेमतात. काही शहरांत महापौर स्वतःच अध्यक्षस्थानी असतात. मंजूर झालेल्या पैशातून काम कोणाला द्यायचं, ते झालं की बिल कधी द्यायचं, कोणता रस्ता किती तास बंद ठेवायचा, कोणत्या घराला गटाराची जोडणी द्यायची, हे या मंडळापुढे येतं. घरपट्टी कमी करा म्हणून इथे अर्ज घेऊन गेलात तर सदस्य ऐकून घेतील, पण त्यांच्या हातात काही नाही. मालमत्ता कराची कमाल मर्यादा तर 2010 पासून इंडियानाच्या राज्यघटनेतच आहे: स्वतः राहत असलेल्या घराला किमतीच्या 1 टक्का, भाड्याच्या घरांना आणि शेतजमिनीला 2 टक्के, इतर मालमत्तेला 3 टक्के.

हीच विभागणी रस्त्याच्या बाबतीत स्पष्ट दिसते. मिरवणुकीसाठी रस्ता दुपारपुरता बंद करायचा असेल तर मंडळाची परवानगी लागते. तोच रस्ता कायमचा नकाशावरून काढून जमीन शेजाऱ्यांकडे द्यायची असेल, तर कौन्सिलने सुनावणी घेऊन ठराव करावा लागतो.

“सगळं आधीच ठरलेलं असतं, सभेत फक्त हात वर करतात”

हा समज सगळ्यात पक्का आणि वरवर पाहता पुराव्यानिशी. सभा अर्ध्या तासात आटोपते, वीस विषय एकमताने मंजूर होतात, वाद नाही, आवाज नाही. आपल्याकडच्या सर्वसाधारण सभेतली खडाजंगी पाहिलेल्या माणसाला शंका येणारच.

पण आधी ‘ठरवून येणं’ इथे कायद्याने किती अवघड आहे ते पाहा. इंडियानाचा खुल्या सभांचा कायदा 1977 चा. मंडळाचे बहुसंख्य सदस्य शहराच्या कामासाठी एकत्र आले की ती ‘सभा’ ठरते. त्यासाठी मत द्यायलाच हवं असं नाही. माहिती घेणं, चर्चा करणं हेसुद्धा अधिकृत कामकाज धरलं जातं. आता तीन जणांच्या मंडळात बहुमत म्हणजे दोघं. त्या दोघांनी कॉफी पीत पुढच्या महिन्याच्या डांबरीकरणाची चर्चा केली तर ती बेकायदा सभा होऊ शकते. सभेची सूचना किमान 48 तास आधी लावावी लागते आणि त्या 48 तासांत शनिवार, रविवार, सुट्ट्या धरायच्या नाहीत. खटल्याची रणनीती, जमीन खरेदी, कर्मचाऱ्याची चौकशी अशा मोजक्या विषयांवर बंद दाराआड बोलता येतं, पण अंतिम निर्णय तिथे घेता येत नाही. तो सर्वांसमोरच घ्यावा लागतो.

मग एकमत कुठून येतं? विषयांच्या स्वरूपातून. यातले बहुतेक निर्णय म्हणजे आधीच घालून दिलेल्या निकषांची तपासणी असते. ठेकेदाराने केलेल्या कामाची मोजणी शहर अभियंत्याने केली आहे, बिल त्याच्याशी जुळतं, निधी शिल्लक आहे. अशा बिलावर भांडण कशाचं होणार? कागद अपुरे असले तर विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. सदस्यांना अडचण वाटली तर ते आधी एकेकटे अभियंत्याला किंवा शहराच्या वकिलाला विचारतात. सभा बिनआवाजाची झाली म्हणजे कारभार चोख आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. सभेला कोणीच येत नसेल तर प्रश्न न विचारण्याची सवय सदस्यांनाही लागते, आणि छोट्या शहरांत रिकाम्या खुर्च्या हीच खरी काळजीची गोष्ट आहे.

याच कायद्याबद्दल एक उलटा समजही आहे: सभा खुली, म्हणजे मला बोलायचा हक्क आहे. कायदा हक्क देतो तो हजर राहण्याचा, पाहण्याचा आणि ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा. बोलू द्यायचं की नाही हे, जाहीर सुनावणीचा विषय नसेल तर, मंडळाच्या नियमांवर असतं. बरीच शहरं बोलू देतात. तरीही विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायची विनंती आधी लेखी केलेली बरी.

“सगळ्यात कमी रकमेची निविदा मंजूर करावीच लागते”

निविदा मोहोरबंद येतात, जाहीरपणे उघडतात, रकमा मोठ्याने वाचून दाखवतात. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. कायद्यातली पुढची अट अशी की काम ‘जबाबदार आणि अटींशी सुसंगत’ असलेल्या निविदादारांपैकी सगळ्यात कमी रकमेच्या निविदादाराला द्यायचं. आधीची कामं अर्धवट सोडणारा किंवा मागितलेली कागदपत्रं न जोडणारा ठेकेदार दहा हजार डॉलरने स्वस्त असला तरी वगळता येतो. मात्र कमी रकमेची निविदा डावलली तर कोणत्या कारणाने डावलली हे त्याच वेळी इतिवृत्तात लिहावं लागतं. मला ही एक ओळ सगळ्या निविदा प्रक्रियेतली सर्वांत मोलाची वाटते, कारण पुढे कोणी न्यायालयात गेलं तर ती आधी वाचली जाते.

काम सुरू झाल्यावर ‘चेंज ऑर्डर’ येतात आणि लोकांना वाटतं की आता खर्चाला लगाम नाही. कामाची व्याप्ती वाढवणाऱ्या अशा सगळ्या बदलांची बेरीज मूळ कराराच्या 20 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. अपवाद एकच, आधी कल्पना करता येणं शक्य नव्हतं अशी परिस्थिती. खोदताना नकाशावर नसलेली जुनी टाकी सापडली तर ती या मर्यादेत धरत नाहीत. 2 लाख डॉलरच्या वरच्या कामाला ठेकेदाराने कराराच्या पूर्ण रकमेचा हमीरोखा दिलेला असतो आणि त्याच्या बिलातून थोडी रक्कम राखूनही ठेवलेली असते. प्रत्येक चेंज ऑर्डर मंडळापुढे येते, म्हणजे ती नोंदीत येते.

“खड्ड्यात गाडी आपटली, आता शहर भरून देईल”

फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य-पश्चिम अमेरिकेत रस्ते फुटतात. डांबराच्या भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठतं, गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, दुपारी वितळतं आणि खाली पोकळी राहते. वरून ट्रक गेला की खड्डा. टायर फुटलेला माणूस शहराच्या संकेतस्थळावर तक्रार टाकतो, कर्मचारी खड्डा बुजवून जातात आणि तो भरपाईची वाट पाहत बसतो.

ती तक्रार म्हणजे भरपाईचा दावा नव्हे. शहराविरुद्धच्या दाव्याची लेखी नोटीस 180 दिवसांच्या आत, प्रत्यक्ष किंवा नोंदणीकृत टपालाने, द्यावी लागते. त्यात काय घडलं, कधी, कुठे, नुकसान किती, कोण कोण होतं, मागणी किती, तुमचा पत्ता कोणता, हे सगळं हवं. नोटीस मिळाल्यावर शहराकडे 90 दिवस असतात. तेवढ्यात मंजुरी आली नाही तर दावा नाकारला असं धरतात आणि मग न्यायालयाचा मार्ग मोकळा होतो. 180 दिवस उलटले की मात्र दावा कितीही खरा असला तरी दार बंद. माणसाच्या दुखापतीच्या दाव्यांनाही हेच लागू आहे. बर्फावरून घसरून पाय मोडलेला माणूस सहा महिने उपचारांतच घालवतो आणि मुदत त्याच्या लक्षातही येत नाही. असं व्हायला नको, म्हणून हा परिच्छेद इतका लांबवला.

दुसरा अडसर हवामानाचा. हवामानामुळे रस्त्याची जी तात्पुरती अवस्था होते तिच्यासाठी शहर जबाबदार नाही, असं कायदा म्हणतो. काल रात्री पडलेल्या खड्ड्याचे पैसे मिळणं म्हणूनच कठीण. पण 2021 मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने या संरक्षणाला मर्यादा घातली. महामार्गावर तुंबलेल्या निचऱ्यामुळे पाणी साचून अपघात झाला होता. न्यायालयाने सांगितलं की खराब हवामानात पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारा दोष सरकारला माहीत असेल आणि दुरुस्तीला पुरेसा अवधी मिळाला असेल, तर हवामानाची सबब चालणार नाही. म्हणजे संकेतस्थळावरची ती साधी तक्रार वाया जात नाही. दावा म्हणून तिला किंमत नसली तरी ‘शहराला माहीत होतं’ याचा ती तारखेनिशी पुरावा असते, आणि पुढच्या अपघातग्रस्ताला ती उपयोगी पडू शकते.

रस्ता कोणाचा हेही आधी पाहावं. कोलंबसमधून जाणारा स्टेट रोड 46 शहराचा नाही. तो राज्याच्या परिवहन खात्याचा. तिथला दावा राज्यावर, आणि राज्यासाठी नोटिशीची मुदत 270 दिवस.

“पोलीसप्रमुख किंवा महापौर मनात आलं तर शिपायाला काढू शकतात”

मंडळाच्या नावातला ‘सेफ्टी’ हा भाग इथे लागतो. पोलीसप्रमुख आपल्या अधिकारात ताकीद देऊ शकतो किंवा जास्तीत जास्त पाच कामाच्या दिवसांचं बिनपगारी निलंबन करू शकतो. त्यापुढची शिक्षा, म्हणजे मोठं निलंबन, पदावनती, बडतर्फी, मंडळच देतं. काही शहरांनी नेमलेला स्वतंत्र मेरिट कमिशन असेल तर तो. आरोप लेखी लागतात, पोलिसाला सुनावणी मागता येते, वकील देता येतो, साक्षीदार तपासता येतात आणि निकालाविरुद्ध न्यायालयात जाता येतं. अग्निशमन जवानांनाही हेच संरक्षण आहे. गंमत म्हणजे खुद्द प्रमुखाचं पद अधिक कच्चं आहे. महापौराची मर्जी असेपर्यंत तो प्रमुख. पद गेलं की तो दलातल्या आपल्या आधीच्या कायम हुद्द्यावर परततो. एखाद्या पोलिसाच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर लगेच कारवाई दिसली नाही म्हणून प्रकरण दाबलं असा निष्कर्ष काढू नये. सुनावणी घाईत उरकली तर न्यायालयात तीच रद्द होऊ शकते.

काही छोटे समज भरभर सांगतो. गल्लीत गाड्या वेगाने जातात म्हणून स्टॉपचा फलक मागणारे पुष्कळ असतात. पण वेगनियंत्रणासाठी हा फलक वापरू नये, असं वाहतूक चिन्हांची राष्ट्रीय नियमपुस्तिकाच सांगते. शहरी भागातली ताशी 30 मैलांची मर्यादा खाली आणायची तर आधी अभियांत्रिकी तपासणी लागते, सह्यांचं निवेदन पुरत नाही. मिरवणुकीची परवानगी त्यातल्या घोषणा आवडत नाहीत म्हणून नाकारता येत नाही, आणि विरोधक गोंधळ घालतील म्हणून जास्त शुल्कही लावता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये हे स्पष्ट केलं.

“धोकादायक घराची नोटीस आली तर सावकाश पाहू”

भाड्याने देण्यासाठी जुनं घर घेणाऱ्यांनी इथे फार जागरूक राहावं. पडीक किंवा असुरक्षित बांधकामाबद्दलच्या आदेशात दुरुस्तीसाठी किमान 10 आणि जास्तीत जास्त 60 दिवस दिलेले असतात. पाडण्यासारख्या कडक आदेशावर सुनावणी होते आणि अनेक शहरांत ती बोर्ड ऑफ वर्क्सपुढेच होते. पाडण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो, तो न भरल्यास मालमत्तेवर चढतो. सुनावणीतला निर्णय मान्य नसेल तर न्यायालयात जायला फक्त 10 दिवस मिळतात. घरमालक पुण्यात आणि नोटीस कोलंबसच्या पत्त्यावर, अशा स्थितीत हे दहा दिवस केव्हाच निघून जातात. परदेशी राहणाऱ्या मालकाने शहराच्या आणि काउंटीच्या दप्तरात आपला चालू पत्ता आहे ना, हे तपासावं.

“मी नागरिक नाही, मला कोण विचारतो”

एच-वन-बी व्हिसावर आलेली कित्येक मंडळी केवळ या समजापायी सभेकडे फिरकत नाहीत. मत देता येत नाही, हे खरं. पण सभेला बसायला, भरपाईची नोटीस द्यायला किंवा कागद मागायला नागरिकत्व लागत नाही. सार्वजनिक नोंदींचा 1983 चा कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ असंच म्हणतो. इतिवृत्त, निविदांचे तक्ते, चेंज ऑर्डर, बिलांची यादी, काहीही मागा. कारण सांगावं लागत नाही. टपालाने किंवा ईमेलने मागितलं तर सात दिवसांत उत्तर यायला हवं, कार्यालयात जाऊन मागितलं तर 24 तासांत. एवढ्या अवधीत सगळे कागद हातात येतीलच असं नाही, पण अर्ज पोचला आणि काम चालू आहे एवढं तरी कळवणं बंधनकारक आहे. काहीच कळवलं नाही तर तो नकार धरला जातो, आणि अशा नकाराविरुद्ध राज्याच्या पब्लिक ॲक्सेस काउन्सेलर या कार्यालयाकडे तक्रार करता येते.