समान गुण, मग आधी कोण?

मुकुंदवाडीतील एका शाळेत बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी एक पेच निर्माण झाला. शाळेचा नियम साधा होता. क्रमांक एकूण गुणांवर ठरायचा. एकूण गुण समान असतील तर ज्याला गणितात जास्त गुण, तो आधी. यादीसाठी एका माजी विद्यार्थ्याने संगणकाची छोटी आज्ञावली लिहून दिली होती. ती यादी दोनदा लावत असे: प्रथम गणिताच्या गुणांनुसार, मग एकूण गुणांनुसार. काही वर्षे सारे सुरळीत चालले. त्या वर्षी मात्र तिसऱ्या बक्षिसासाठी जिचे नाव आले, तिच्याइतकेच एकूण गुण मिळवणारी दुसरी मुलगी गणितात ४ गुणांनी पुढे होती. तिने विचारले, "बाई, मग मी खाली कशी?"

बाई ती यादी घेऊन माझ्याकडे आल्या. आज्ञावली तपासली तेव्हा कळले, की यादी लवकर लागावी म्हणून त्या मुलाने तीत एकच शब्द बदलला होता. त्या एका शब्दात काय दडले आहे, ते पाहू.

यादी दोनदा लावण्याच्या युक्तीमागे एक गृहीत आहे. दुसऱ्या वेळी यादी लावताना, ज्यांचे एकूण गुण समान आहेत त्यांचा आपसातला आधीचा क्रम बदलता कामा नये. जी रीत हे वचन पाळते तिला 'स्थिर' म्हणतात. जी पाळेलच याची खात्री नसते ती 'अस्थिर'. येथे अस्थिर याचा अर्थ चुकीची असा नव्हे. गुणांचा क्रम दोन्ही रीती बरोबरच लावतात. फरक पडतो तो फक्त बरोबरीत असलेल्यांच्या बाबतीत.

स्थिर रीतीचे चांगले उदाहरण म्हणजे जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेली विलीनीकरणाची रीत, म्हणजेच मर्ज सॉर्ट. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दोन भागांत वाटा. दोन्ही भाग स्वतंत्रपणे लावा. मग दोन्ही गठ्ठ्यांवरच्या पत्रिका ताडून कमी गुणांची पत्रिका उचलत जा. गुण समान आले तर नेहमी डाव्या गठ्ठ्यातली उचला, कारण ती मुळात आधी होती. एवढ्या एका नियमाने स्थिरता टिकते. मात्र उचललेल्या पत्रिका ठेवायला टेबलावर वेगळी जागा लागते. संगणकात ही जागा म्हणजे जास्तीची स्मृती, साधारण निम्म्या यादीएवढी.

दुसरी रीत टोनी होर यांना १९५९ च्या सुमारास मॉस्को येथे सुचली. रशियन वाक्यांच्या यांत्रिक भाषांतरासाठी त्यांना शब्द कोशाच्या क्रमाने लावायचे होते. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रीत म्हणजे क्विकसॉर्ट. तिच्यात वेगळी जागा जवळजवळ लागतच नाही. ती फळ्यावर करून पाहण्यासारखी आहे.

समजा, १ ते ५ हजेरी क्रमांकांच्या मुलांना अनुक्रमे ४१, ४१, ३५, ३० आणि २८ गुण आहेत व चढता क्रम लावायचा आहे. मधली ३५ ची पत्रिका 'खूण' माना. डावीकडून येताना खुणेहून लहान नसलेली पहिली पत्रिका शोधा आणि उजवीकडून येताना खुणेहून मोठी नसलेली. त्यांची अदलाबदल करा. प्रथम क्रमांक १ आणि ५ जागा बदलतील, मग २ आणि ४. गुणांचा क्रम झाला २८, ३०, ३५, ४१, ४१. दोन अदलाबदलींत काम फत्ते! पण हजेरी क्रमांक पाहा: ५, ४, ३, २, १. दोघांनाही ४१ गुण असताना २ क्रमांकाचा मुलगा १ च्या आधी आला. लांब उडी मारून होणारी अदलाबदल मधल्या समान पत्रिकांची दखल घेत नाही. वेगाचे एक कारण तेच, आणि अस्थिरतेचेही तेच.

वेग का हवा? प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडायचे तर १,००० नावांना ४,९९,५०० तुलना लागतात. वरील दोन्ही रीतींनी साधारण १०,००० च्या आसपास भागते. क्विकसॉर्टची खूण सतत वाईट निघाली तर मात्र तिच्याही तुलना लाखांच्या घरात जातात. म्हणून १९९७ मध्ये डेव्हिड मसर यांनी तोडगा सुचवला: काम बिघडू लागल्याचे दिसताच हीप सॉर्ट या तिसऱ्या रीतीकडे वळायचे.

संगणकाच्या प्रत्येक भाषेबरोबर तयार आज्ञांचे भांडार मिळते. कोणती रीत त्यात ठेवायची, हा भाषा घडवणाऱ्यांपुढचा प्रश्न असतो. रस्ट या भाषेत आधी 'सॉर्ट' ही स्थिर आज्ञाच होती. ऑगस्ट २०१७ च्या १.२० या आवृत्तीत तिच्या जोडीला 'सॉर्ट अनस्टेबल' ही आज्ञा आली. ती सहसा अधिक वेगवान असून जास्तीची स्मृती मागत नाही. यादीचे तुकडे आधीच लागलेले असतील, तर मात्र स्थिर रीतही पुढे जाऊ शकते. येथे नावाची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. साधे नाव सुरक्षित रीतीला दिले आणि धोका वेगवान रीतीच्या नावातच लिहिला. सी प्लस प्लस या भाषेत नेमके उलटे आहे: साधी 'सॉर्ट' स्थिरतेची हमी देत नाही, स्थिर हवी तर 'स्टेबल सॉर्ट' असे मागावे लागते. जावाने वेगळा मार्ग काढला. नुसत्या संख्यांसाठी क्विकसॉर्टचा प्रकार, आणि नोंदींसाठी स्थिर रीत. हे तर्कशुद्धच आहे. नुसत्या दोन ४१ संख्यांची अदलाबदल झाली तरी कुणाला कळणार? त्या ४१ ला मुलाचे नाव चिकटले, की प्रश्न उभा राहतो.

आता शाळेकडे परत येऊ. त्या मुलाने बदल केल्यावर १० नावांची यादी लावून पाहिली होती व ती बरोबर आली होती. याचेही कारण आहे. छोट्या यादीसाठी अशा आज्ञा सहसा पत्त्यांच्या डावात हातातली पाने लावतो तशी एकेक नाव योग्य जागी सरकवतात, आणि ही रीत स्थिर असते. क्रोम ब्राउझरमधील जावास्क्रिप्टची यंत्रणाही २०१८ पर्यंत १० पर्यंतच्या यादीला हीच रीत वापरी आणि त्याहून मोठ्या यादीला क्विकसॉर्ट. पुढे २०१९ च्या प्रमाण नियमांत त्या भाषेत स्थिरता सक्तीची झाली. छोट्या चाचणीत दडलेला दोष साठ मुलांच्या वर्गात बाहेर पडतो, तो असा.

उपाय काय? जुना शब्द परत घातला असता तरी यादी सुधारली असती. पण आम्ही तसे केले नाही. तुलनेतच नियम पूर्ण लिहिला: आधी एकूण गुण पाहा, ते समान असतील तर गणिताचे गुण पाहा, तेही समान असतील तर दोघांना एकच क्रमांक द्या. आता रीत स्थिर असो वा अस्थिर, निकाल तोच येतो. पूर्वी शाळेचा नियम आज्ञावलीत कोठेही लिहिलेला नव्हता. रीतीच्या एका गुणधर्मावर तो अलगद टेकलेला होता.

तिसरे बक्षीस दुसऱ्या दिवशी योग्य मुलीला मिळाले. पहिलीची बाईंनी आदल्या संध्याकाळीच घरी जाऊन समजूत घातली. ते काम कोणत्याही आज्ञावलीला जमणारे नव्हते.